प्लेगशी झुंज : डॉ. वू लिएन-तेह

चीनच्या ईशान्येस असलेल्या मांचुरिया प्रांतात हिवाळा अतिशय कडक असतो. तेथील नद्या गोठून जातात, जमीन दगडासारखी टणक होते आणि वारा अंगाला असा झोंबतो की, घराबाहेर पाऊल टाकणेही नकोसे वाटते. १९१० सालच्या डिसेंबर महिन्याच्या २४ तारखेस, अशाच कडाक्याच्या थंडीत, हार्बिन शहरी एक तरुण डॉक्टर आगगाडीने येऊन दाखल झाले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळ एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणि तपासणीसाठी लागणारे थोडेसे साहित्य एवढाच काय तो सरंजाम होता; सोबतीला वैद्यकीय महाविद्यालयातील एक विद्यार्थी होता. ज्या गावातून लोक जीव मुठीत धरून पळत होते, त्याच गावी हे दोघे मुद्दाम आले होते. एका भयंकर साथीने तेथे थैमान घातले होते आणि ती साथ कशाची, ती पसरते कशी व तिला आवर कसा घालावा, याचा शोध घेण्याची कामगिरी त्या तरुण डॉक्टरांवर सोपविण्यात आली होती. त्यांचे नाव वू लिएन-तेह.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी मलायाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील पेनांग बेटावर झाला. त्यांचे वडील दक्षिण चीनमधून पोटासाठी तेथे आले होते आणि सोनाराचा व्यवसाय करून त्यांनी आपला संसार उभा केला होता. घरी मुलाबाळांचे मोठे खटले होते. परंतु मुलांनी शिकावे याविषयी आईवडिलांचा कटाक्ष असे. वू मुळातच बुद्धिमान व कष्टाळू होते. पेनांगच्या इंग्रजी शाळेत त्यांनी उत्तम यश मिळविले आणि १८९६ साली एका स्पर्धापरीक्षेत पहिले येऊन विलायतेस जाण्याची शिष्यवृत्ती पटकाविली. त्या वेळी ते केवळ सतरा वर्षांचे होते. केंब्रिज विद्यापीठात वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी दाखल झालेले ते पहिले चिनी विद्यार्थी होत.

केंब्रिज व लंडन येथील शिक्षण पुरे झाल्यावरही त्यांची ज्ञानाची तहान भागली नाही. रोगजंतूंचे शास्त्र त्या काळी नव्यानेच उदयास आले होते. कोणता रोग कोणत्या जंतूमुळे होतो, हे एकामागून एक उलगडत चालले होते. ते शास्त्र समक्ष शिकावे म्हणून वू लिव्हरपूल, हाले व पॅरिस येथील नामांकित संस्थांत जाऊन राहिले. तेथे त्यांना एक गोष्ट पक्की समजली. ती ही की, ग्रंथात काय लिहिले आहे याला महत्त्व आहेच. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष जे दिसते, त्याला त्याहूनही अधिक महत्त्व आहे. पुढे हीच शिकवण हजारो लोकांचे प्राण वाचविण्यास कारण झाली.

१९०३ साली ते मायदेशी परतले. पेनांगमध्ये व्यवसाय करीत असतानाच त्यांनी अफूच्या व्यसनाविरुद्ध चळवळ सुरू केली. अफूच्या व्यापारावर त्या वेळी अनेक धनिकांची चैन चालत असे. त्यामुळे साहजिकच या तरुण डॉक्टरांना शत्रू निर्माण झाले. त्यांच्या दवाखान्यात औषधासाठी ठेवलेला थोडासा अफूचा अर्क सापडताच त्यांच्यावर खटला भरण्यात आला व त्यांना दंड झाला. या अपमानाने ते व्यथित झाले, परंतु खचले नाहीत. लवकरच चीन सरकारकडून त्यांना बोलावणे आले आणि तिएन्त्सिन येथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालक म्हणून ते काम पाहू लागले. त्यांचे सारे शिक्षण इंग्रजीतून झालेले असल्याने उत्तर चीनमधील भाषा त्यांना नव्याने शिकावी लागली. तेथे असतानाच १९१० च्या डिसेंबरात सरकारची तार आली आणि ते हार्बिनला निघाले.

या साथीचा उगम मोठा विलक्षण होता. मंगोलिया व मांचुरियाच्या गवताळ माळरानांवर तारबागान नावाचा, घुशीहून बराच मोठा, बिळात राहणारा एक केसाळ प्राणी आढळतो. त्याच्या कातड्याला त्या सुमारास युरोपच्या बाजारात फार मोठी किंमत येऊ लागली होती. तारबागानांमध्ये प्लेगचा रोग अधूनमधून पसरतो. तेथील पिढीजात शिकाऱ्यांना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. म्हणून जो तारबागान मंद चालतो, ज्याला धड पळता येत नाही, त्याला ते हात लावीत नसत. परंतु पैशाच्या आशेने दुरून आलेल्या हजारो नवख्या मजुरांना हे ठाऊक नव्हते. त्यांना आजारी जनावर म्हणजे आयती सापडलेली शिकार वाटे. हिवाळा सुरू होताच हे मजूर अंधाऱ्या, कोंदट धर्मशाळांतून दाटीवाटीने राहू लागले. थंडीमुळे दारेखिडक्या घट्ट बंद असत. एकाला खोकला झाला की, थोड्याच दिवसांत त्याच्या शेजारी निजणारेही आजारी पडत. पुढे नववर्षाच्या सणासाठी मजूर आगगाडीने आपापल्या गावी निघाले आणि त्यांच्याबरोबर रोगही लोहमार्गाने दक्षिणेकडे सरकू लागला.

हार्बिनला लागूनच फुच्याटिएन नावाची चिनी वस्ती होती. तेथे सुमारे चोवीस हजार लोक राहत. रोग्याला प्रथम ताप येई, मग खोकला सुरू होई, थुंकीतून रक्त पडू लागे आणि दोन-तीन दिवसांत तो दगावे. एकदा रोग जडला की त्यातून क्वचितच कोणी बचावे. त्या काळी या रोगावर कोणतेही रामबाण औषध नव्हते. रोग्याजवळ जाण्यास माणसे भीत. आणि जे कर्तव्य म्हणून जात, त्यांच्यापैकी पुष्कळजण स्वतःच त्या रोगास बळी पडत. मग रुग्णांची काळजी घ्यावी तरी कोणी?

हार्बिनला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे २७ डिसेंबर रोजी, डॉ. वू यांना कळले की, एक स्त्री नुकतीच त्या रोगाने मरण पावली आहे. मृत शरीराची चिरफाड करणे हे चिनी लोकांच्या परंपरेस अगदी अमान्य होते. हे ठाऊक असूनही, रोगाचे कारण समजल्यावाचून त्याचा प्रतिकार करता येणार नाही, हे ओळखून त्यांनी त्या प्रेताची तपासणी केली. फुफ्फुस, हृदय, यकृत व प्लीहा यांचे अंश घेऊन त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत त्यांना प्लेगचे जंतू स्पष्ट दिसले. शंकेला जागाच उरली नाही. ही साथ प्लेगची होती.

परंतु हा नेहमीचा प्लेग नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा रोग्यांच्या काखेत व जांघेत गाठी येत असत. पुढे मुंबईत व अन्यत्र झालेल्या संशोधनातून असे सिद्ध झाले की, हा रोग प्रथम उंदरांना होतो आणि उंदरांच्या अंगावरील पिसवा माणसाला चावल्या म्हणजे तो माणसाला जडतो. त्या शोधामुळे जगातील बहुतेक डॉक्टरांची अशी समजूत झाली होती की, उंदीर व पिसवा यांचा नायनाट केला म्हणजे प्लेग आटोक्यात येतो. मांचुरियात मात्र उंदरांची तपासणी करून पाहता त्यांच्यात प्लेगचे जंतू आढळेनात. रोग्यांच्या अंगावर गाठी नव्हत्या. त्यांची फुफ्फुसेच रोगाने ग्रासलेली असत. बर्फाळ थंडीत पिसवांचा सुळसुळाट असणेही संभवत नव्हते. हे सारे पुरावे एकत्र जुळवून डॉ. वू यांनी निष्कर्ष काढला की, येथे रोगाचा प्रवास एका माणसाकडून थेट दुसऱ्या माणसाकडे होत आहे. रोगी खोकला म्हणजे त्याच्या तोंडातून थुंकीचे बारीक तुषार बाहेर पडतात, त्यांत असंख्य जंतू असतात आणि जवळच्या माणसाच्या श्वासाबरोबर ते त्याच्या फुफ्फुसांत शिरतात.

निदान असे झाल्यावर उपायही त्याला अनुसरूनच हवा होता. शत्रू जर श्वासाच्या वाटेने येत असेल, तर त्या वाटेवरच पहारा बसविला पाहिजे. शस्त्रक्रिया करताना रोग्याच्या जखमेत आपल्या तोंडातील जंतू पडू नयेत, म्हणून युरोपातील काही डॉक्टर तोंडावर पातळ जाळीदार कापड बांधीत असत. डॉ. वू यांनी त्याच कल्पनेला नवे रूप दिले. औषधांच्या दुकानात मिळणारे जाळीदार कापड घेऊन त्यांनी त्याची सुमारे तीन फूट लांबीची पट्टी कापली. ती दुमडून तिच्या मध्यभागी सहा इंच लांब व चार इंच रुंद असा कापसाचा थर घातला. पट्टीची दोन्ही टोके कात्रीने उभी चिरून त्यांच्या नाड्या केल्या. त्या नाड्या कानांच्या वरून व खालून नेऊन डोक्यामागे घट्ट बांधल्या म्हणजे नाक व तोंड पूर्णपणे झाकले जाई आणि बोलताना अथवा वाकताना पट्टी जागची हलत नसे. ही मुखपट्टी अगदी स्वस्तात तयार होई. तिला काही यंत्रसामग्री लागत नसे. कापड, कापूस आणि कात्री असली की कोणीही ती बनवू शके. हजारो माणसांना पुरेल असे साधन हवे, तर ते असेच साधे व सुलभ असावे लागते, हे डॉ. वू यांनी ओळखले होते.

तथापि नवा विचार लोकांच्या गळी उतरविणे सोपे नसते. डॉ. वू तरुण होते. मोठमोठ्या साथी पाहिलेले अनेक अनुभवी परदेशी डॉक्टर त्यांच्याभोवती होते. जो प्लेग जगभर उंदरांमुळे पसरतो, तो येथेच श्वासातून पसरतो, ही गोष्ट त्यांना पटेना. अशांपैकी एक होते डॉ. मेनी. ते फ्रेंच असून तिएन्त्सिन येथील एका वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रमुख होते. पूर्वी त्यांनी प्लेगच्या एका साथीत काम केले होते आणि त्यांचे वयही डॉ. वू यांच्याहून अधिक होते. जानेवारी १९११ च्या आरंभी ते हार्बिनला आले. साथीच्या कामाची सूत्रे आपल्या हाती असावीत, असे त्यांना वाटत होते. डॉ. वू यांनी आपले म्हणणे शांतपणे मांडले; परंतु त्या चर्चेतून मतभेद मात्र वाढले. कामात दोन मते झाली, तर साथीला आवर घालता येणार नाही, हे जाणून डॉ. वू यांनी सरकारला तार करून राजीनामा देऊ केला. सरकारने तो स्वीकारला नाही. त्यांच्याकडेच सर्व सूत्रे कायम ठेवली.

डॉ. मेनी यांना आपल्या मताविषयी खात्री होती. त्यांनी रशियन लोकांच्या प्लेगच्या रुग्णालयात जाऊन काही रोगी तपासले. तपासताना त्यांनी तोंडावर मुखपट्टी बांधली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना थंडी वाजू लागली, ताप भरला आणि खोकला सुरू झाला. ११ जानेवारी रोजी त्या कर्तबगार डॉक्टरांचे देहावसान झाले. ते भित्रे नव्हते, निष्काळजीही नव्हते. परमुलखातील रुग्णांना साहाय्य करण्यासाठी ते एवढ्या संकटात धावून आले होते. परंतु रोगाचा मार्ग कोणता, याविषयी त्यांचा अंदाज चुकला, आणि त्या एका चुकीचे मोल त्यांना प्राण देऊन चुकवावे लागले.

या मृत्यूची वार्ता सर्वत्र पसरताच हार्बिन हादरून गेले. ज्या मुखपट्टीकडे कालपर्यंत संशयाने पाहिले जात होते, तिचा वापर एकाएकी वाढला. डॉ. वू यांना मात्र आपले म्हणणे खरे ठरल्याचा आनंद झाला नाही. एक अनुभवी सहकारी हकनाक गेला, याचे त्यांना दुःख झाले. शिवाय लोकांनी मुखपट्टी घेतली तरी ती कशी बांधावी, हे पुष्कळांना समजले नव्हते. कोणी ती एका कानावर लोंबत ठेवी, तर कोणी ताइतासारखी गळ्यात बांधून हिंडे. ताइताने रोग टळत नाही, आणि गळ्यात बांधलेल्या मुखपट्टीनेही टळत नाही. म्हणून ती नाकातोंडावर नीट बसली आहे की नाही, हे पाहण्याकडे डॉ. वू व त्यांचे सहकारी बारकाईने लक्ष पुरवीत.

साथीच्या काळात सर्वांत मोठा धोका कोणाला असतो? डॉक्टर रोग्याजवळ काही वेळ थांबतो. परंतु रोग्याला घरातून उचलून आणणारे हमाल, त्याला गाडीत घालून नेणारे गाडीवान, त्याचे अंथरूण आवरणारे सेवक, घरोघर फिरून आजारी माणसे शोधून काढणारे तपासनीस आणि प्रेते वाहून नेणारे मजूर यांचा रोगाशी रात्रंदिवस निकटचा संबंध येतो. त्यांची नावे इतिहासात नोंदली जात नाहीत. फुच्याटिएनमध्ये या गरीब माणसांपैकी कितीतरी जण मृत्युमुखी पडले. डॉ. वू यांच्या दृष्टीने मुखपट्टी हा केवळ डॉक्टरांचा हक्क नव्हता. जो कोणी रोग्याजवळ जाईल, मग तो डॉक्टर असो, शिपाई असो, हमाल असो की प्रेतवाहक असो, त्याने ती बांधलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रोग्याला वाचविणारे हातच जर गळून पडले, तर रोग्याला वाली कोण?

मुखपट्टीबरोबरच इतर उपायही त्यांनी नेटाने अमलात आणले. फुच्याटिएनचे चार विभाग करून प्रत्येक विभागावर एक वैद्यकीय अधिकारी नेमला. विभागाविभागांतील रहिवाशांना निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या दंडावर लावावयास दिल्या. परवान्याशिवाय एका विभागातून दुसऱ्या विभागात कोणालाही जाता येत नसे. गावाभोवती सैनिकांचा पहारा बसविला. रोज घरोघर तपासणी होऊ लागली. ज्यांना रोग झाला, त्यांना रुग्णालयात नेण्यात येई. आणि जे रोग्याच्या सहवासात आले होते, पण अद्याप धडधाकट होते, त्यांना निराळे ठेवण्यात येई. यासाठी जागा अपुरी पडू लागली, तेव्हा डॉ. वू यांनी रशियन रेल्वेकडून मालगाडीचे १२० डबे मागून घेतले आणि त्यांत या लोकांची राहण्याची सोय केली. आगगाड्यांची वाहतूकही रोखण्यात आली, म्हणजे रोगाचा पुढचा प्रवास थांबावा.

एक संकट मात्र अजून शिल्लक होते. गावाबाहेरच्या स्मशानभूमीत दोन हजारांहून अधिक प्रेते पुरल्यावाचून पडली होती. जमीन इतकी गोठली होती की, कुदळीने खड्डा खणता येईना. काही शवपेट्या उघड्या पडल्या होत्या. गोठलेल्या प्रेतांत रोगजंतू दीर्घकाळ जिवंत राहतात, याची डॉ. वू यांना जाणीव होती. त्यांना दहन करणे हाच एक मार्ग होता. परंतु चीनमध्ये पूर्वजांचे शरीर भूमीत सन्मानाने पुरणे हे मुलांचे परमकर्तव्य मानले जाई. ते जाळणे ही गोष्ट कल्पनेपलीकडची होती. डॉ. वू यांनी हा निर्णय एकट्याने घेतला नाही. त्यांनी गावातील अधिकाऱ्यांना व प्रतिष्ठित नागरिकांना स्मशानभूमीत नेऊन ती भयाण स्थिती दाखविली, त्यांची संमती मिळविली आणि मग राजधानीस विनंतीअर्ज पाठविला. काही दिवस त्यांनी मोठ्या चिंतेत काढले. अखेर ३० जानेवारी रोजी बादशाही आज्ञा आली. दुसऱ्या दिवशी प्रेतांचे ढीग रचून त्यांवर घासलेट ओतण्यात आले आणि हजारो लोकांच्या समक्ष त्यांना अग्नी देण्यात आला. लोक मूकपणे पाहत उभे होते.

जानेवारीच्या अखेरीस फुच्याटिएनमध्ये एकाच दिवशी १८३ माणसे मरण पावली होती. त्यानंतर मात्र मृत्यूंची संख्या उतरू लागली. फेब्रुवारीत ती झपाट्याने घटली आणि १ मार्च १९११ रोजी त्या गावातील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. मांचुरियाच्या इतर भागांतही एप्रिलपर्यंत साथ थांबली. तोपर्यंत सुमारे साठ हजार माणसे या रोगाने गिळली होती. मुकदेन शहरात आगगाडीने प्रवास करणाऱ्या मजुरांची तपासणी करीत असताना आर्थर जॅक्सन हे सव्वीस वर्षांचे ब्रिटिश डॉक्टर मृत्यू पावले. असे कितीतरी सेवक या लढ्यात कामी आले. परंतु ही साथ आवरली नसती, तर लोहमार्गाने ती सबंध चीनभर आणि कदाचित त्याच्याही पलीकडे पसरली असती.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात चीन सरकारने मुकदेन येथे प्लेगविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. अकरा देशांचे तज्ज्ञ तिला उपस्थित राहिले. त्यांत जपानचे विख्यात जंतुशास्त्रज्ञ डॉ. कितासातो होते, रशियाचे डॉ. झाबोलोत्नी होते आणि मुंबईच्या प्लेगसंशोधनात भाग घेतलेले डॉ. पेट्रीही होते. एवढ्या विद्वानांच्या परिषदेचे अध्यक्षपद बत्तीस वर्षांच्या डॉ. वू यांना देण्यात आले. चार महिन्यांपूर्वी ज्यांचे म्हणणे कोणी मनावर घेत नव्हते, त्यांच्याच अध्यक्षतेखाली जगातील तज्ज्ञांनी साथीचा विचार केला.

कीर्ती लाभल्यावर डॉ. वू विसावले नाहीत. साथ गेली म्हणजे लोक तिला विसरतात आणि पुढची साथ आली म्हणजे पुन्हा गोंधळ उडतो, हे त्यांनी जाणले होते. म्हणून १९१२ साली हार्बिन येथे प्लेगप्रतिबंधासाठी एक कायमची संस्था उभारण्यात आली आणि तिची धुरा त्यांनी सांभाळली. माळरानावर जाऊन त्यांनी तारबागानांच्या रोगाचा अभ्यास केला, रुग्णालये बांधविली, डॉक्टर व सेवक यांना शिकवून तयार केले. १९२० साली फुफ्फुसाचा प्लेग मांचुरियात पुन्हा आला. या खेपेस मात्र शिकविलेली माणसे, रुग्णालये व मुखपट्ट्या अगोदरच सज्ज होत्या. तरीही काही सेवकांचे बळी गेलेच. पण एकंदर मृत्यूंची संख्या दहा हजारांच्या आत राहिली. पूर्वतयारीचे मोल या दोन आकड्यांतील अंतरावरून कळून येते.

१९१५ साली चीनमधील डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९२६ साली हार्बिन येथे त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. १९३० पासून चीनच्या बंदरांतून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवरील रोगप्रतिबंधाचे काम त्यांच्याकडे आले. १९३५ साली वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविण्यात आले होते. १९३७ साली चीनवर युद्धाचे संकट कोसळले, तेव्हा ते आपल्या जन्मभूमीस, मलायास परतले आणि इपोह या गावी साध्या वैद्याप्रमाणे दवाखाना चालवू लागले. ज्यांनी एका साम्राज्याला साथीतून वाचविले, त्यांना गावातील गोरगरिबांची नाडी पाहण्यात कमीपणा वाटला नाही. १९५९ साली त्यांचे विस्तृत आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि २१ जानेवारी १९६० रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, पेनांग येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

डॉ. वू यांच्या निधनानंतर साठ वर्षांनी, २०२० साली, कोरोनाच्या महामारीने साऱ्या जगाला ग्रासले. खेड्यापाड्यांत घरोघर जाणाऱ्या आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिका, रुग्णवाहिकांचे चालक आणि सफाई कामगार पुन्हा एकदा आघाडीवर उभे राहिले. आरंभी अनेक ठिकाणी मुखपट्ट्या, हातमोजे व अंगरखे पुरेसे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरातील ऐंशी हजार ते एक लाख ऐंशी हजार आरोग्यसेवकांचा या रोगाने मृत्यू झाला असावा. शंभर वर्षांपूर्वी फुच्याटिएनच्या गोठलेल्या रस्त्यांवर जो प्रश्न उभा राहिला होता, तोच पुन्हा जगापुढे उभा राहिला : जे इतरांची काळजी घेतात, त्यांची काळजी कोण घेणार?

त्या प्रश्नाचे उत्तर डॉ. वू यांनी आपल्या कृतीने फार पूर्वीच दिले होते. सेवेसाठी निर्भय मन हवे, हे खरे; परंतु निर्भयता म्हणजे बेफिकिरी नव्हे. सेवकाने स्वतःचे रक्षण करणे हा भित्रेपणा नसून त्याच्या सेवेचाच एक भाग आहे, आणि त्याच्या हाती रक्षणाचे साधन देणे हे समाजाचे कर्तव्य आहे. थोडे जाळीदार कापड, मूठभर कापूस आणि ती डोक्यामागे बांधलेली साधी गाठ! एवढ्याशा साधनामागे सत्य शोधणारी दृष्टी आणि माणसाविषयीचा जिव्हाळा उभा होता, म्हणूनच ते एवढे मोठे ठरले.